कौसाबाईंची झीज

घर भाड्याचं असलं म्हणून काय झालं, सोडताना ते असं सोडावं की मागून येणाऱ्या बाईनं उंबऱ्यातच म्हणावं, इथं कुणीतरी घरंदाज राहत होतं. कौसाबाई नलवड्यांचा हा नेम. नवरा साखर कारखान्यात होता तेव्हा कोरेगावला दोन खोल्या होत्या. त्या सोडताना त्यांनी जमीन सारवली, चुलीला पोतेरं फिरवलं, कोनाड्यात भरला तांब्या ठेवला आणि मगच टेम्पोत पाय टाकला. मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "कौसाबाई, तुम्ही आलात तेव्हा एवढ्या चांगल्या नव्हत्या हो माझ्या खोल्या." ते वाक्य कौसाबाईंनी आयुष्यभर जपून वापरलं. बहुतेक वेळा सुनेला ऐकवायला.

आता मोशीतला फ्लॅट सोडायचा होता. धैर्यशीलचं ऑफिस रावेतला गेलं, ओवीची शाळाही तिकडचीच मिळाली, आणि तिथल्या नव्या टॉवरमध्ये जागा ठरली. दोन्ही इमारती एकाच कंपनीच्या. कंपनीचा माणूस यंत्र घेऊन येणार, घर तपासणार, काय बिघडलं, कुणी बिघडवलं ते सांगणार, आणि मगच पुढच्या घराचा करार होणार.

कौसाबाईंनी पदर खोचला.

चिंच-मिठानं नळ उजळले. नारळाच्या काथ्यानं आणि धुण्याच्या सोड्यानं ओट्यामागची भिंत घासली. बोळात ओवीनं खडूनं हत्ती काढला होता, तो रांगोळीच्या पुडीनं घासून घालवला. सोफ्यामागं धैर्यशीलच्या डोक्याच्या तेलाचा ताटाएवढा डाग होता, त्यावर त्यांनी अख्खी दुपार घालवली. न्हाणीच्या दारावर ऋतुजाच्या मेंदीचा पंजा उठलेला होता, तोही गेला.

"आई, नका ना एवढं घासू," ऋतुजा खोक्यांना चिकटपट्टी लावत म्हणाली. "ते यंत्र काय असेल ते मोजणार. तुम्ही कशाला दमताय?"

"मोजू दे की. मी काय सोनं चोरून ठेवलंय व्हय भिंतीत? तू तुझी खोकी बांध. मागच्या खेपेला बांधलीस तेव्हा चटणीच्या बरणीवर इस्त्री ठेवली होतीस."

ऋतुजानं पुढच्या खोक्यावर पट्टी ओढली. तिला या घरात गप्प बसायची चांगली सवय झाली होती.

कंपनीचा माणूस आला. सबनीस नाव. कडक इस्त्रीचा सदरा, पायांत कागदी मोजे.

"आडनाव सबनीस आणि काम तपासनीस," कौसाबाई म्हणाल्या. "आईबापांनी आधीच ठरवलेलं दिसतंय."

सबनीस हसला. चहा नको म्हणाला. कंपनीत चालत नाही म्हणे. जो माणूस घरात येऊन चहाला नाही म्हणतो त्याच्याबद्दल कौसाबाईंचं मत तिथंच ठरलं.

यंत्र दिसायला इस्त्रीसारखं, पण खालून काच. सबनीस ते भिंतीवरून हळूहळू फिरवू लागला. कधी जांभळा उजेड पडायचा, कधी हिरवा, मधूनच कुणीतरी नाकानं हुंगावं तसा बारीक आवाज यायचा. ओवी त्याच्या मागं मागं फिरत होती. सहा वर्षांची पोर, तिनं विचारलं, आणि सबनीसनं कौतुकानं सांगितलं.

माणूस जिथं हात लावतो तिथं आपलं थोडंसं सोडून जातो. घामातला खार, कातडीचं तेल, आणि कातडीवर राहणारे, डोळ्यांना न दिसणारे जंतू. या जंतूंचा मेळ ज्याचा त्याचा वेगळा, एका ताटात जेवणाऱ्या भावंडांचाही तंतोतंत जुळत नाही. यंत्र भिंतीवर तऱ्हेतऱ्हेचे उजेड टाकून कुठं काय चमकतं ते बघतं, चिमूटभर हवा ओढून त्यातले जंतू ओळखतं. त्याच वेळी लेझरची रेघ रंगाची जाडी मोजते, अगदी केसाच्या शंभराव्या भागापर्यंत. रंग कुठं उडाला आणि त्या जागी कुणाचं तेल मुरलं आहे, हे जुळवलं की घराची झीज माणसामाणसांत वाटून देता येते. ज्याच्या त्याच्या नावावर मग एक आकडा बसतो, त्याला झीज-अंक म्हणतात. बँकेत जशी पत, तसा घरांच्या बाजारात हा अंक, फक्त उलटा: जितका जास्त, तितकं घर मिळणं अवघड. माणूस घर बदलतो, अंक त्याच्या मागं येतो.

हे यंत्र नव्हतं तेव्हा घरमालक म्हणायचा डाग तुमचा, भाडेकरू म्हणायचा आम्ही आलो तेव्हाच होता, आणि भांडणं कोर्टात जायची. यंत्र आलं आणि ते भांडण मिटलं. म्हणजे दारातलं मिटलं. ते घरात शिरलं.

सबनीसचं फिरून झालं. त्यानं यंत्र पुसलं, पडद्याकडं पाहिलं आणि अदबीनं म्हणाला, "या घरातली सगळ्यात जास्त झीज आजींची आहे. बाकी कुणाची जवळपाससुद्धा नाही."

कौसाबाईंच्या हातातलं फडकं थांबलं.

किती वर्षं झाली असतील, कुणी असं बोलून दाखवून! नवऱ्याच्या आजारपणात झिजल्या, मेसचे डबे करून पोराच्या शिक्षणासाठी झिजल्या, सून नोकरीला जाते म्हणून नातीच्या पाठी झिजल्या. पोरानं कधी म्हटलं नाही. सुनेनं तर नाहीच. आणि हा परका माणूस, चहासुद्धा न घेणारा, काच लावलेली इस्त्री फिरवून सांगतोय. त्या पोराकडं वळल्या.

"ऐकलंस का रं? यंत्राला कळलं. तू चाळिशीला आलास तरी तुला न्हाई कळलं."

"आई, थांब जरा," धैर्यशील हळूच म्हणाला.

"का थांबू? आरं, जन्म गेला झिजण्यात, आता कुठं एकानं तोंडानं म्हटलं. सबनीससाहेब, बसा हो. चहा चालत न्हाई तर ताक घ्या."

सबनीसच्या लक्षात आलं. बिचारा अवघडला.

"आजी, म्हणजे... तुमची झीज नाही. घराची झीज. तुमच्यामुळं झालेली."

ऋतुजानं मान खाली घातली, पण खांदे एकदा हलले. हसली की काय केलं, ते कौसाबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यांनी ते हसणंच धरलं.

"माझ्यामुळं?"

सबनीस एकेक सांगू लागला. ओट्याचा दगड मधोमध निस्तेज, रोज घासल्यानं. ओट्यामागं फोडणीचा थर, आणि तो काढताना गेलेला रंग. बोळातल्या भिंतीवर हाताच्या उंचीनं एक लांब पट्टा, कुणीतरी रोज हात टेकत चालल्यानं. उंबऱ्यावर कुंकू मुरलेलं. सोफ्यामागं मोठी गोल झीज, न्हाणीच्या दाराला एक, बोळात खाली एक.

"आणि ह्या दोघांची?"

"साहेबांची जवळजवळ नाहीच. मॅडमचीही नाही."

"कशी असंल? एक तिथं बसून मोबाईल बघणार, दुसरी इथं बसून मोबाईल बघणार. घरात मीच एकटी राहत होते म्हणा की. ही दोघं फोटोतली."

"आई!" ऋतुजा म्हणाली. "मी दिवसभर ऑफिसात असते."

"तेच म्हणतेय मी."

मग त्यांना सोफ्यामागच्या डागाचं आठवलं आणि त्या तरातरा तिकडं गेल्या. "हे बघा सबनीससाहेब, हा डाग माझा न्हवं. ह्याच्या डोक्याच्या तेलाचा. तिथं खाली पोरीचा हत्ती होता. दारावर मेंदीचा पंजा होता, तो हिचा. मी फक्त पुसलं."

"म्हणूनच, आजी." सबनीसचा आवाज आता खरंच मऊ झाला होता. "तुम्ही पुसलंत तेव्हा त्यांच्या खुणा निघून गेल्या. घासून रंग विरला आणि उघड्या पडलेल्या भिंतीत तुमचा हात मुरला. डाग कुणी पाडला ते यंत्राला आता दिसत नाही. कुणी पुसला तेवढं दिसतं."

कौसाबाई भिंतीकडं बघत राहिल्या. भिंत स्वच्छ होती. त्यांनी आयुष्यात घासलेली सगळ्यात स्वच्छ भिंत.

"यावर काही करता येत नाही का?" धैर्यशीलनं विचारलं. त्याला घाई होती. "रावेतचा करार आज संध्याकाळी आहे. हा अंक राहिला तर तिथं आईचं नाव लागणार नाही."

"करता येतं ना," सबनीस म्हणाला. "घरातल्या दुसऱ्या कुणी ती झीज आपली म्हणून मान्य केली, तर त्यांच्या नावावर वळवता येते. ही सोफ्यामागची मोठी तेवढी वळवली तरी आजी मर्यादेत येतात. फक्त ज्यांच्या नावावर जाईल त्यांचा अंक चढेल."

"म्हणजे माझा चढला तर?"

"मोठा फ्लॅट मिळणार नाही. एका खोलीचा मिळेल, मागच्या इमारतीत."

कौसाबाई वळल्या. त्यांचा आवाज एकदम साधा झाला, पोराला लहानपणी हाक मारायच्या तसा. "धैर्या, सांग की ह्यांना. तो डाग कुणाचा होता?"

धैर्यशीलनं भिंतीकडं पाहिलं. बायकोकडं पाहिलं. ऋतुजा त्याच्याकडं बघत नव्हती, ती ओवीच्या केसांतली क्लिप काढून परत लावत होती.

"आई," तो म्हणाला, "आता तिथं डागच कुठाय?"

एवढंच बोलला. सबनीसनं यंत्र पिशवीत घातलं.

कौसाबाईंनी त्याला लिफ्टपर्यंत पोचवलं. काही झालं तरी आल्यागेल्याला पोचवायची रीत होती. परत आल्या तेव्हा पोरगं बोळात उभं होतं, हात त्या पट्ट्यावर टेकून. म्हणजे आता तिथं त्याचाही हात लागला होता, पण तपास संपल्यावर.

"आई, हे फक्त कागदावर आहे. तुझं नाव लागणार नाही, पण तू पाहुणी म्हणून राहू शकतेस. पाहुण्याला मुदत नसते. फक्त तुझ्या हातानं झीज होता कामा नये. सहा महिन्यांत अंक उतरला की नाव लावून घेऊ."

"हातानं झीज होता कामा नये म्हणजे?"

"म्हणजे काही करायचं नाही. अगं, आराम कर! स्वयंपाकाला बाई लावू. पुसायला यंत्र आहे. भिंतीला टेकायचं नाही, ओट्याला हात लावायचा नाही. कंपनीचे पातळ मोजे मिळतात, हातापायांचे. तेल आतल्या आत राहतं. सगळेच वापरतात आता."

"आणि न्हाई घातले तर?"

धैर्यशीलनं घसा साफ केला. "सुनंदामावशी एकटीच असते ना गावाकडं. ती कधीची बोलावतेय तुला."

झालं. त्याच्या तोंडून आलं. कौसाबाईंनी पोराकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, भाजीवालीच्या पाटीतलं वांगं बघावं तसं. त्यांना वाटलं होतं, रडू येईल. आला तो राग. आणि राग आला की कौसाबाईंचं डोकं फार थंड चालायचं.

"बरं," त्या म्हणाल्या. "पाहुणी तर पाहुणी. येते मी तुमच्याकडं."

'तुमच्याकडं' हा शब्द धैर्यशीलच्या ध्यानात आला नाही. ऋतुजाच्या आला. तिनं मान वर करून पाहिलं.

रावेतच्या घरात पहिल्या दिवशी दूध तापवलं. ते उतू जाऊ द्यायचं असतं, घरात भरभराट यावी म्हणून. ऋतुजानं पातेल्याखाली मोठं ताट ठेवलं, ताटाखाली कागद, आणि साय वर चढायला लागताच गॅस बंद केला.

"आई, झालं ना एवढं?"

कौसाबाई हॉलमधल्या खुर्चीत बसल्या होत्या. हातांत पांढरे मोजे, पायांत पांढरे मोजे, पाठ खुर्चीला न टेकता. "मला काय विचारताय, ऋतुजाताई? तुमच्या घरची रीत तुम्हाला ठाऊक. मी आज आलेली बाई."

आधी सगळ्यांना ती थट्टा वाटली. आठवडाभर वाटली. मग कळलं की ही थट्टा नाही. कौसाबाई पोराला 'धैर्यशीलराव' म्हणू लागल्या. पाणी हवं असलं की, "तांब्याभर पाणी मिळेल का?" जेवण झालं की, "छान झालं होतं हो, उगीच त्रास घेतलात." स्वयंपाकाच्या बाईनं केलेली भाकरी कडक होती, आमटीत मीठ नव्हतं, पण पाहुण्यानं नावं ठेवायची नसतात. ज्या बाईनं जन्मभर कुणाच्या हातची आमटी नावं ठेवल्याशिवाय गिळली नव्हती, ती वाटीभर मागून घ्यायची.

एकदा धैर्यशील वैतागलाच. "आई, पुरे आता! तू मला तुम्ही म्हणतेस, लोक हसतात."

"लोकांचं काय घेऊन बसलात? तुमचा अंक चांगला आहे."

"मी चुकलो म्हणू का? म्हणतो. चुकलो. पण तो करार..."

"तुम्ही कशाला चुकाल? डागच नव्हता."

दुसऱ्या दिवशी ऋतुजा त्यांच्यासमोर येऊन बसली. ती सरळ बोलायची बाई नव्हती, पण त्या दिवशी बोलली. "तुम्ही बारा महिने मला बोलत होतात आई, भांड्याला हात लावला की बोलत होतात. म्हणून मी हात लावणं सोडलं. माझा अंक कसा कमी आला, ते तुम्हाला नाही कळलं?"

कौसाबाईंनी ऐकलं. बोचलं. खोल बोचलं. पण त्यांनी ते पाहुणीसारखं ऐकलं. "असेल हो, ऋतुजाताई. प्रत्येकाच्या घरचं काहीतरी असतंच." ऋतुजा उठून गेली. त्यानंतर तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

सोपं नव्हतं ते. फोडणी करपल्याचा वास आला की कौसाबाईंची बोटं मोज्यांत आपोआप आवळायची. सकाळी उंबऱ्याशी जाऊन त्या नुसत्या उभ्या राहायच्या, हळदकुंकू वाहायची वेळ निघून जाईपर्यंत. हातांवरची साल मऊ पडली, नखं पांढरी झाली. रात्री मोजे काढून त्या स्वतःचेच हात बघायच्या, एखाद्या श्रीमंत, रिकामटेकड्या बाईचे असावेत तसे.

ओवीला मात्र सुरुवातीला कळत नव्हतं. ती यायची, मांडीवर चढायची, वेणी घाल म्हणायची. ऋतुजा आतून ओरडायची, "ओवी! आजीचे हात लागतील सगळीकडं, खाली उतर!" कौसाबाईंना एकदोनदा वाटलं, पोरीपुरते मोजे काढावेत. पण मग खुन्नस कुठं राहिली? पोराला समजलं पाहिजे, पुरतं समजलं पाहिजे, मग पोरीला घेऊच की जवळ. त्या पोरीला म्हणायच्या, "तुझ्या आईला सांग हो बाळ, वेणी घालायला. आजी पाहुणी आहे."

थंडी सरली तेव्हा कंपनीचं यंत्र पुन्हा आलं. संध्याकाळी धैर्यशील पेढ्यांचा पुडा घेऊन घरात शिरला.

"आई! झीज शून्य! अगदी शून्य! सबनीस म्हणाला, असं त्यानं अजून कुणाचं पाहिलं नाही. तुझं नाव लागलं करारात, आजच लागलं. काढ ते मोजे. उद्यापासून तू घरची."

कौसाबाईंनी पेढा घेतला. पोराचा चेहरा उजळला होता, डोळ्यांत पाणीही होतं. त्यांना जे हवं होतं ते समोर उभं होतं, हरलेलं, माफी मागणारं. त्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं, महिनोन्महिने तासलेलं, चांगलं धारदार. ते ओठांवर आलंही.

तेवढ्यात आतून धप्प आवाज झाला. ओवी पलंगावरून उडी मारायला गेली आणि कोपऱ्यावर आपटली. रडत, कपाळ धरून, ती धावत बाहेर आली. सवयीनं खुर्चीकडंच आली. कौसाबाईंनी पेढा टाकला, घाईघाईनं दोन्ही मोजे ओढून काढले, उघडे हात पुढं केले.

"ये गं माझी बाय. ये, बघू कुठं लागलं."

पोर दोन पावलांवर थांबली. रडता रडता तिनं ते मऊ, पांढुरके हात बघितले. मागं सरकली.

"नको आजी. डाग पडतील."

आणि वळून ती आईकडं गेली. ऋतुजानं तिला उचललं, कपाळावर फुंकर घातली आणि तिचे डोळे पुसत म्हणाली, "शहाणी गं माझी. सगळं कळतं हिला."

धैर्यशील काहीतरी बोलत होता. उद्याचं, करारातल्या नावाचं, सकाळी आईनंच फोडणी घालायची वगैरे. कौसाबाईंनी खाली वाकून फरशीवरचा पेढा उचलला. तिथं तुपाचा ठिपका राहिला होता. तो त्यांनी पुसला नाही. मांडीवरचे मोजे घेतले, एकेक बोट नीट बसवत पुन्हा हातांत चढवले. या खेपेला त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं.